चित्रपट शिकायचा म्हणजे काय शिकायचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातला बी. ए.चा एक विद्यार्थी सात-आठ छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मला फिल्म अँड मीडियामध्ये एम. ए. करायचंय. यातलं चांगलं कुठलं?" कागदांत पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट होती, दिल्लीची दोन विद्यापीठे होती, कलकत्त्याचे जादवपूर होते, मुंबईतली एक खाजगी अकादमी होती, आणि न्यूयॉर्कचे कोलंबियाही होते. बाबासाहेब १९१३ साली जिथे शिकायला गेले त्या विद्यापीठात चित्रपटही शिकवतात, हे त्याला नुकतेच कळले होते. सगळे कागद एकाच टाचणीत अडकवलेले. जणू एकाच गावाला जाणाऱ्या वेगवेगळ्या एस. टी. गाड्या, जी आधी लागेल ती पकडायची.

ही टाचणी मला ओळखीची वाटली. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या हातातही असेच कागद होते, आणि ते वेगळे करून दाखवणारे कोणी नव्हते. म्हणून हा लेख.

चित्रपट व माध्यमे या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. पहिली, चित्रपट करणे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. कलकत्त्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ ची. इथे दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन अशा शाखा आहेत, आणि अर्ज करतानाच शाखा ठरवावी लागते. दिग्दर्शनाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. ध्वनीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र मागितले जात आले आहे. आमची कला शाखेची मुले हे न वाचताच शुल्क भरून बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रपटाचा अभ्यास करणे. जादवपूरला १९९३ पासून चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कला आणि सौंदर्यशास्त्राच्या स्कूलमध्ये तो शिकवतात. तिथे मुख्य काम वाचनाचे आणि लिहिण्याचे, तेही इंग्रजीत. चित्रपटाचा इतिहास, त्याचा प्रेक्षक, त्यातली जात, त्यातली बाई, हे सगळे तिथे तपासता येते. आपल्या चळवळीला अशा अभ्यासकांची गरज आहे, हे मी ठासून सांगेन. पण ज्याचे हात कॅमेऱ्यासाठी शिवशिवतात त्याने फी कमी आहे एवढ्यासाठी तिथे जाऊ नये. दोन वर्षे तो फक्त कुढत राहील.

तिसरी गोष्ट जनसंवाद. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातले १९८२ सालचे जनसंवाद केंद्र, पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, टाटा समाजविज्ञान संस्थेतला माध्यम आणि संस्कृतीचा अभ्यासक्रम, हे या बाजूचे. कुठे वृत्तपत्रविद्या अधिक, कुठे माहितीपट, कुठे वाचन आणि कॅमेरा दोन्ही. नोकरीचा विचार करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेत जनसंवाद आणि पत्रकारिता हा विषय आहे. आपल्या घरांत हा विचार क्षुद्र नसतो.

आता माझी गोष्ट. घरात पदवी घेणारा मी पहिला. आईवडील ऊसतोडीला जात. चित्रपट पाहिले ते शनिवारी दुपारी दूरदर्शनवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून. आणि जयंतीला समाजमंदिराच्या भिंतीवर धोतर ताणून लावलेला जब्बार पटेलांचा आंबेडकर. बी. ए. झाल्यावर एका नामांकित संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. लेखी परीक्षेत पास झालो, मुलाखतीला गेलो. विचारले गेले, "कोणते चित्रपट पाहिलेत?" मी पाहिलेले सगळे सांगितले. समोरची माणसे एकमेकांकडे पाहून हसली. मग एकाने चार परदेशी दिग्दर्शकांची नावे घेतली आणि मी गप्प झालो. त्या हसण्याचा राग आजही आहे. पण इतक्या वर्षांनी हेही दिसते, की मी त्यांना फक्त कथानके सांगितली. भिंतीवरचे धोतर वाऱ्याने हलले की बाबासाहेबांचा चेहरा कसा लांबायचा, आणि तरी माणसे हात कशी जोडायची, हे मी सांगितले नाही. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हते. मध्यमवर्गातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर कळलेले असते.

म्हणून या विद्यार्थ्याला मी म्हटले, संस्था राहू दे, आधी तुझे निवेदन दाखव. अर्जासोबत हे निवेदन बहुतेक ठिकाणी मागतात: तुम्हाला हे का शिकायचे आहे? त्याने दोन पाने लिहिली होती. पहिल्या ओळीपासून दारिद्र्य. वडील वारले, पत्र्याचे घर, आई लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती धरते. प्रत्येक शब्द खरा. आपल्या आत्मकथनांनी आपल्याला हे बोलायला शिकवले आणि त्या बोलण्याने मराठी वाङ्मय बदलले. पण प्रवेशाचा अर्ज हे आत्मकथन नव्हे. तिथे दुःखाचे प्रमाणपत्र दिले की वाचणारा कळवळतो आणि पुढचा अर्ज उघडतो. ही कळवळ्याची भाषा आपल्याकडून काढून घेणाऱ्यांविषयी मला स्वतंत्र लेख लिहायचा आहे, इथे एवढेच.

मी विचारले, "बत्तीचं तुला काय दाखवायचंय?" तो जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "सर, लग्नाची कॅसेट काढणारा बत्तीवाल्या बायांना बाजूला व्हा म्हणतो. मला कॅमेरा त्यांच्या मागं ठेवायचाय. जनरेटरची वायर एकीकडून दुसरीकडं गेलेली असते. एक अडखळली की सगळ्यांना थांबावं लागतं. नवरदेवाला ते कळतच नाही." मी म्हटले, हे लिही. आणि टाचणी काढून त्याच्या कागदांतून जादवपूर आणि जे. एन. यू. बाजूला ठेवले. त्याला काय शिकायचे आहे ते त्या वायरीने सांगितले होते.

उरला पैशाचा आणि हक्काचा प्रश्न. केंद्र सरकारच्या संस्थांत राखीव जागा आहेत. पण त्यांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तहसील कचेरीत तो मिळायला किती खेटे पडतात हे वाचकांना सांगायला नको, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. जामियाला २०११ साली अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. त्यानंतर तिथल्या प्रवेशात अनुसूचित जातींच्या राखीव जागा राहिल्या नाहीत. तिथे अर्ज जरूर करावा, पण हे जाणून. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना मिळते, आणि तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. खाजगी अकादमीच्या चकचकीत पुस्तिकेत 'डिप्लोमा' असे छापलेले असते. तो कोणी मान्य केला आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. पुणे आणि कलकत्ता येथील दोन्ही सरकारी संस्थाही वर्षानुवर्षे पदविकाच देत आल्या. अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्यांना २०२५ मध्ये मिळाला.

वर्षांचाही हिशेब करावा. पुण्यात २०१५ साली विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला तेव्हा २००८ च्या तुकडीतले काही जण अजून आपल्या शेवटच्या फिल्मवर काम करत होते. तीन वर्षांचे सात होणे एखाद्याला परवडते. ज्याच्या घरी आई बत्ती धरते आहे त्याने वसतिगृह, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे सातांनी गुणून पाहावेत.

परदेशाचे स्वप्न मी मोडत नाही. पण अमेरिकेत एम. एफ. ए. म्हणजे बहुधा करण्याचे शिक्षण आणि एम. ए. म्हणजे अभ्यासाचे, हे नावातच वाचायला शिकावे. पीएच. डी.ला विद्यापीठ सहसा फी माफ करून निर्वाहाला पैसे देते, एम. ए.ला क्वचितच. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे आमच्या मुलाने सरकारी पैशावर परदेशी जाऊन मराठी पडद्यावरची जात अभ्यासायची म्हटले तर ते दार बंद. ज्या त्या वर्षीची नियमावली वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

आणि जवळचे दार विसरू नये. नागराज मंजुळे जेऊरचे. ते अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका कॉलेजात संज्ञापन शिकले. तिथे असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये 'फँड्री' आला. जिल्ह्याच्या गावी, मराठीत बोलणाऱ्या मित्रांबरोबर, हातात कॅमेरा मिळाला तर तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याने शेवटी दोन अर्ज ठरवले: एक पुण्याचा, एक जिल्ह्याच्या ठिकाणचा. दोन्हीकडे लागले तर काय करायचे, यावर त्याचे आणि माझे अजून पटलेले नाही. तो पुणे म्हणतो. मी त्याच्या आईला विचार म्हणतो.

जिल्ह्याच्या कॉलेजाने शिफारसपत्रही मागितले होते. ते लिहायला बसलो आणि सवयीने पहिली ओळ उतरली: 'सदर विद्यार्थी गरीब व होतकरू असून…' मलाही माझ्या गुरुजींनी हेच लिहून दिले होते, आणि गेली दहा वर्षे मी ते इतरांना देत आलो आहे. कागद फाडला. दुसऱ्या कागदावर जनरेटरच्या वायरीपासून सुरुवात केली.