ओताकार बोरूव्का आणि लघुतम जाळ्याचा प्रश्न

विजेच्या तारा कोणत्या गावाहून कोणत्या गावास न्याव्यात, हा विषय भाषाशास्त्राच्या अध्यापकाने हाती घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या प्रश्नाच्या इतिहासात गणिताइतकाच भाषेचाही भाग आहे आणि गणिताचे ग्रंथ तो बहुधा एका ओळीत आटोपतात. शिवाय हा प्रश्न अखेरीस आमच्याच प्रांतात येऊन पोचला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि त्यातील मोराव्हिया प्रांतात गावोगाव वीज नेण्याचे काम सुरू झाले. ब्रनो येथील मासारिक विद्यापीठात ओताकार बोरूव्का (१८९९–१९९५) हे त्या वेळी तरुण गणिती होते. पश्चिम मोराव्हियाच्या वीजकंपनीत नोकरीस असलेले त्यांचे स्नेही यिंद्रझिख साक्सेल यांनी त्यांच्यापुढे व्यवहारातील एक अडचण मांडली. ठरावीक गावे आहेत, त्यांमधील अंतरे माहीत आहेत. प्रत्येक गाव जाळ्यात यावे, पण तारेची एकूण लांबी कमीत कमी व्हावी, यासाठी तारा कशा टाकाव्यात?

सर्व जाळी मांडून त्यांतील सर्वांत आखूड निवडावे, हे उत्तर बोलण्यापुरतेच. ४० गावे जोडण्यास ३९ तारा पुरतात. पण अशी जोडणी किती प्रकारांनी होईल याचा आकडा, केलीच्या १८८९ च्या सूत्राप्रमाणे, ४० चा ३८ वा घात, म्हणजे ६१ अंकी संख्या येतो. बोरूव्का यांनी १९२६ मध्ये दिलेली रीत मात्र शाळकरी मुलालाही पेलेल अशी आहे. प्रत्येक गाव त्याच्या सर्वांत जवळच्या गावाशी जोडावे. त्यामुळे गावांचे पुंजके होतील. मग प्रत्येक पुंजका हे जणू एकच गाव मानून तो त्याच्या सर्वांत जवळच्या पुंजक्याशी जोडावा. सर्व मिळून एकच पुंजका होईपर्यंत असेच करीत जावे. प्रत्येक फेरीत पुंजक्यांची संख्या निम्मी किंवा त्याहून कमी होते. म्हणून ४० गावांना फार तर पाच फेऱ्या लागतात.

एक लहान उदाहरण घेऊ. अ, ब, क, ड ही चार गावे आहेत. अब ३ मैल, कड ४, बक ६, अक ७, बड ८ आणि अड १० अशी अंतरे आहेत. पहिल्या फेरीत अ आणि ब एकमेकांना निवडतात, तसेच क आणि ड. दुसऱ्या फेरीत हे दोन पुंजके त्यांमधील सर्वांत आखूड तारेने, म्हणजे बक ने, जोडले जातात. एकूण १३ मैल. याहून आखूड जाळे नाही.

येथे चिकित्सक वाचकाने थांबले पाहिजे. प्रत्येकाने केवळ आपल्यापुरते पाहावे आणि त्यातून सर्वांचे हित साधावे, हे इतके सहज कसे घडते? व्यवहारात तर उलट अनुभव येतो. याची उपपत्ती अशी. गावांचे कोणतेही दोन भाग करा. या भागांना जोडणाऱ्या तारांपैकी सर्वांत आखूड तार उत्तम जाळ्यात असलीच पाहिजे. समजा, ती नाही. मग ती त्या जाळ्यात घालून पाहा. एक बंद वेढा तयार होईल. वेढा एका भागातून दुसऱ्या भागात गेला म्हणजे त्याला परत यावेच लागते, म्हणून त्यात भाग ओलांडणारी आणखी एक, अधिक लांब तार असणारच. ती काढून टाका. गावे जोडलेलीच राहतात आणि जाळे आखूड होते. म्हणजे पहिले जाळे उत्तम नव्हतेच. पुंजका आणि उरलेली गावे हे असेच दोन भाग असल्यामुळे पुंजक्याची निवड कधीच चुकत नाही. यात सर्व अंतरे परस्परभिन्न असल्याचे गृहीत आहे. तीन गावे एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असली तर प्रत्येक गाव ‘पुढच्या’ला निवडील आणि भलताच वेढा पडेल. बोरूव्का यांनी ही अट स्पष्ट घातली होती.

त्यांनी या विषयावर एकाच वर्षी दोन लेख लिहिले, दोन्ही चेक भाषेत. पहिला मोराव्हियाच्या निसर्गविज्ञान-मंडळाच्या प्रकाशनात आला. तो २२ पृष्ठांचा आहे. आलेखसिद्धांताची परिभाषा तेव्हा रूढ झालेली नव्हती. त्या विषयावरील कोनिग यांचा पहिला पाठ्यग्रंथ १९३६ मध्ये निघाला. ‘वृक्ष’ किंवा ‘वेढा’ म्हणून मोकळे होण्याची सोय नसल्यामुळे बोरूव्का यांना सारे काही संख्यांच्या कोष्टकांतून आणि संचांतून सांगावे लागले. दुसरा लेख विद्युत्-अभियंत्यांच्या नियतकालिकात अवघ्या दोन पृष्ठांत आला. त्यात सपाटीवरील ४० बिंदू घेऊन वर दिलेली रीत सरळ सांगितली आहे. एकच विचार, एकच लेखक, एकच भाषा. परंतु एक लेख दुर्गम आणि दुसरा सुगम. परिभाषेचा अभाव लेखकाला किती महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पहिला लेख वाचून प्रागचे व्होय्त्येख यार्निक यांनी बोरूव्का यांना पत्राने दुसरी रीत कळविली: एका गावापासून आरंभ करून तेच जाळे एकेका तारेने वाढवावे. हे पत्र १९३० मध्ये छापले गेले, तेही चेकमध्येच. अमेरिकेतील रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ मध्ये हीच रीत स्वतंत्रपणे शोधली आणि आज ती बहुधा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बोरूव्का यांचा लेख मात्र एका धाग्याने तगला. त्याच्या शेवटी जर्मन सारांश होता. प्रिन्स्टन येथे शिकत असलेल्या जोसेफ क्रस्कल यांच्या हाती त्याची टंकलिखित प्रत आली. ती कोठून आली हे कोणासच ठाऊक नव्हते. ही रीत आहे त्याहून सोपी करता येईल असे वाटून त्यांनी १९५६ मध्ये तीन पृष्ठांचा निबंध लिहिला: सर्व तारा लांबीच्या क्रमाने घ्याव्यात आणि जिच्यामुळे वेढा पडत नाही ती ठेवावी. त्यांनी बोरूव्का यांचा उल्लेख प्रामाणिकपणे केला, म्हणून ते नाव टिकले. दोन्ही मूळ लेखांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ७५ वर्षांनी. तोवर बोरूव्का हयात नव्हते.

या रीतीकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. मालवाहू गाडीने प्रत्येक गावास एकदा जाऊन परत यावे, असा प्रश्न असेल तर जवळचे आधी निवडण्याचे धोरण दगा देते. आपल्याच उदाहरणात अ पासून निघून दर वेळी जवळचे गाव गाठणारी गाडी अ-ब-क-ड-अ अशी २३ मैल फिरते. अ-ब-ड-क-अ या मार्गाने २२ मैलांत काम होते. दोन भागांचा वर दिलेला युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. दुसरी मर्यादा अभियंत्यांना चांगली ठाऊक आहे: लघुतम जाळ्यातील कोणतीही एक तार तुटली की काही गावे अंधारात जातात. म्हणून उच्च दाबाच्या मुख्य वाहिन्यांचे जाळे मुद्दाम जादा तारा घालून वेढ्यांचे ठेवतात. काटकसर आणि निर्धोकपणा एकाच जाळ्यात पूर्णपणे सामावत नाहीत.

आता आमच्या प्रांताविषयी. क्रस्कल पुढे भाषांच्या वर्गीकरणाकडे वळले. इसिडोर डायन आणि पॉल ब्लॅक यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये ९५ इंडो-युरोपीय भाषा व बोलींच्या मूलभूत शब्दसंग्रहाची तुलना प्रसिद्ध केली. तीत मराठीही आहे. परंतु अधिक जवळचे नाते वाक्यरचनेत आढळते. वाक्यातील प्रत्येक पद दुसऱ्या एका पदावर अवलंबून असते, असे मानले तर वाक्य हेही एक जाळेच होय. ‘तो माणूस काल आला, ज्याने पुस्तक नेले होते’ या वाक्यात ‘नेले होते’ चा संबंध ‘माणूस’ शी आहे, पण मध्ये मुख्य क्रियापद येते. शेजारची पदेच जोडीत जाणाऱ्या यांत्रिक पृथक्करणाला असे वाक्य झेपत नाही. मॅकडोनाल्ड, परेरा, रिबारोव्ह आणि हायिच यांनी २००५ मध्ये असे सुचविले की, प्रत्येक पदाने वाक्यातील कोणतेही एक पद आपला आधार म्हणून निवडावे. निवडींचा वेढा झाला तर तो वेढा एकच पद मानून पुन्हा निवड करावी आणि शेवटी तो योग्य ठिकाणी तोडावा. येथे संबंधांना दिशा असते, म्हणून मूळ गणित बोरूव्का यांचे नव्हे. ते चू व लिऊ (१९६५) आणि एडमंड्स (१९६७) यांचे. पण पुंजक्याला एक बिंदू मानण्याची युक्ती ओळखीची आहे. ज्या भाषेवर ही रीत तपासली गेली, ती चेक होती; कारण तिच्यातही पदक्रम मोकळा आहे आणि प्रागला तिच्या पृथक्कृत वाक्यांचा मोठा संग्रह तयार होता.

मराठी वाक्यांचा असा एक लहान संग्रह प्रागच्याच चार्ल्स विद्यापीठातील भाषाशास्त्र-संस्थेच्या नावाने उपलब्ध आहे. त्यातील बहुतेक वाक्ये गोष्टींतून घेतलेली आहेत.