नदीपलीकडचे कॉलेज आणि सदरेमचा कागद

हैदराबाद-नागपूर महामार्गावर निर्मल आणि आदिलाबादच्या मधे नेरडीगोंडा लागते. बाहेरच्यांना ते कुंतला धबधब्याकडे वळण्याचे ठिकाण म्हणून माहीत. इथल्या मराठी घरातल्या मुलाची बारावी झाली की वाटा फुटतात. कुणी आदिलाबादला, म्हणजे काकतीय विद्यापीठाच्या कॉलेजात जातो, कुणी हैदराबादला. नात्यागोत्याच्या ओढीने काही जण नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, तर काही पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जातात. तिथली कॉलेजे अमरावती विद्यापीठाची. मूल धडधाकट असेल तर चर्चा फी आणि खोलीची होते. त्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, चालायला कुबड्या लागत असतील, तर मात्र गावातला जो तो कायदा सांगू लागतो. त्यातले बरेचसे चुकीचे असते.

‘तेलंगणाचे सर्टिफिकेट महाराष्ट्रात चालत नाही.’

चालते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या ५८व्या कलमानुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. तेलंगणात वर्षानुवर्षे ते ‘सदरेम’ या राज्याच्या दिव्यांगत्व-तपासणी व्यवस्थेच्या शिबिरातून मिळत आले. तरी केंद्राचे यूडीआयडी कार्ड काढून ठेवलेले बरे, कारण केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याचा क्रमांक लागतो. नदी ओलांडत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: राज्याची पेन्शन, राज्याच्या बसची सवलत आणि अधिवासाचा नियम. जागा स्थानिकांसाठी राखीव असेल, तर दिव्यांग असल्याने ती अट सुटत नाही. प्रमाणपत्र आणि अधिवास ही दोन प्रकरणे प्रवेशाच्या खिडकीवर नेहमी एकात एक मिसळतात, आणि कारकुनाचे ‘चालत नाही’ नेमके कशाबद्दल आहे ते विचारल्याशिवाय माघारी फिरू नये.

‘चाळीस टक्के नाही, म्हणजे काहीच नाही.’

चाळीस टक्क्यांची अट आहे ती आरक्षणाला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट, हे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाचे तसे नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लिहिण्याची अडचण खरी असेल तर टक्के कमी भरले म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

उलट टोकाचा गैरसमज असा, की टक्के जास्त भरले तर डॉक्टरकी वगैरे विसरा. महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषेच्या ४४-४५ टक्के दिव्यांगत्वामुळे एमबीबीएसची दारे बंद झाली होती. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणाले, नुसता आकडा पाहून अपात्र ठरवू नका. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, ते दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहून लिहावे.

‘दिव्यांग म्हणजे आंधळा, बहिरा किंवा पायाने अधू.’

आदिलाबाद जिल्ह्यात तर हा गैरसमज फारच महागात पडतो. कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे विकारही येतात. सिकलसेल या पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांना नवा नाही. सिकलसेल असलेला मुलगा दिसायला चांगला असतो, पळतो, खेळतो. आणि मग थंडीत किंवा अंगातले पाणी कमी झाल्यावर हाडांत असह्य वेदना उठतात, आठवडाभर दवाखाना होतो, हजेरी जाते, प्रॅक्टिकल बुडते. मास्तरांच्या लेखी तो दांडीबहाद्दर. तपासणी होऊन त्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि ४० टक्के भरले तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्क्यांतही तो बसतो. एक बारीक फरक ध्यानात ठेवावा: सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांचा उल्लेख नाही. त्यामुळे नोकरीची जाहिरात वाचून ‘आपल्याला लागू नाही’ असे ठरवणाऱ्या घरांनी कॉलेजचा हक्कही सोडून दिलेला असतो.

अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही या यादीत आहेत. त्यांच्याबद्दल घरे अजून गप्पच असतात.

‘जादा वेळ म्हणजे फुकटचे मार्क.’

तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असे प्रमाण केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत आहे. हा तास कुठे जातो ते लेखनिकाशेजारी बसल्यावर कळते. प्रश्न वाचून घ्यायचा, उत्तर मनात जुळवायचे, शब्द-शब्द सांगायचे, समीकरण सांगायचे, आकृतीतली रेघ कुठून कुठे ते सांगायचे, लिहिलेले परत वाचून घ्यायचे. सीमेवर आणखी एक गाठ असते: विद्यार्थी मराठी, लेखनिक तेलुगू आणि पेपर इंग्रजी. इंग्रजी स्पेलिंग सांगता-सांगताच घड्याळ पळते. म्हणून लेखनिकाची मागणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, फॉर्म भरतानाच करावी आणि तो कोणत्या भाषेचा हवा तेही लिहावे. लेखनिक किती शिकलेला चालतो याचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या १७व्या कलमात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही उल्लेख आहे. तेलुगू, हिंदी, इंग्रजी आणि घरची मराठी अशा गर्दीत वाढलेल्या कर्णबधिर मुलासाठी ही लहानशी ओळ फार मोलाची आहे, पण ती मागणारे कमी.

‘नोट्स व्हॉट्सॲपवर टाकल्या, आता काय अडचण?’

फोटो टाकला असेल तर बरीच. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो. पानाचा फोटो त्याच्यासाठी नुसते चित्र. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर मदतीला येते, पण वाकड्या फोटोवर आणि हस्ताक्षरावर ते अडखळते. मराठीत आणखी एक जुने दुखणे आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटात टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, आतून मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न मिटतो, खर्च शून्य. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकट मिळतो आणि मराठी, तेलुगू दोन्ही वाचतो. ‘आमच्याकडे त्यासाठी फंड नाही’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

पुस्तक स्कॅन करून दिले तर कॉपीराइटचा भंग होतो, अशीही भीती ग्रंथपालांना असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीन व अन्य वाचन-अक्षम वाचकांसाठी सुगम प्रत करायला कायद्याची मुभा आहे. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

‘रॅम्प बांधलाय की.’

बांधलेला असतो, पण बऱ्याचदा घसरगुंडीसारखा. उतार बाराला एक हवा: दोन फूट जोत्याला २४ फूट लांब रॅम्प. सहा फुटांत उरकलेल्या रॅम्पवर व्हीलचेअर पुढे जात नाही आणि उतरताना थांबत नाही. खाली रॅम्प आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर, ही आणखी एक नेहमीची गंमत; वर्ग तळमजल्यावर घ्यायला तर पैसेही लागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे काही किमान नियम बंधनकारक करायला सरकारला सांगितले. त्यासाठीचा अहवाल तयार केला हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठाच्या केंद्राने.

‘खासगी कॉलेजला काही लागू नाही.’

आरक्षण नाही, हे खरे. पण दिव्यांग हक्क कायद्याचे १६वे कलम सरकारी मान्यता असलेल्या संस्थांनाही धरते: इमारत सुगम्य हवी, गरजेप्रमाणे सोय हवी.

‘तक्रार केली तर मुलालाच त्रास.’

ही भीती खोटी म्हणता येत नाही, म्हणून आधी लेखी मागणी आणि मग तक्रार, हा क्रम बरा. सरकारी व अनुदानित संस्थेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करावी लागते, असे २३वे कलम सांगते. तिथे काम झाले नाही, किंवा कॉलेज खासगी असेल, तर राज्याचे दिव्यांग आयुक्त: आदिलाबादच्या कॉलेजसाठी हैदराबादला, नांदेडच्या कॉलेजसाठी पुण्याला. कायदा मोडल्याचा पहिला दंड १० हजार रुपयांपर्यंत, नंतरचा ५० हजार ते ५ लाख. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. दोन आठवडे मोजायचे ते त्या तारखेपासून.