एकमताचा पाऊस

मान्सूनचा पहिला अंदाज येऊन गेला. हवामान खात्याने दिलेली टक्केवारी एव्हाना सगळ्यांच्या तोंडी आहे आणि तिच्यावर अग्रलेखही लिहून झालेत. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी आणखी एक अंदाज निघतो, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. दक्षिण आशियाई देशांचे हवामानतज्ज्ञ एकत्र बसतात, निरनिराळ्या मॉडेलांचे निकाल समोर ठेवतात, एल निनो, हिंदी महासागराचं तापमान आणि उत्तर गोलार्धातलं बर्फाचं आच्छादन यांवर खल करतात आणि सहमतीचं निवेदन काढतात. ‘सास्कॉफ’ नावाच्या या परिषदेची पहिली बैठक एप्रिल 2010 मध्ये आपल्या पुण्यातच भरली होती.

इतक्या तज्ज्ञांचं एकमत झालं म्हटल्यावर आपण निर्धास्त होतो. माझी हरकत आहे ती इथेच. एकमत कोणत्या वाटेने झालं हे कळल्याशिवाय त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येत नाही.

ही वाट पहिल्यांदा नीट आखली ती अमेरिकेतल्या रँड संस्थेतल्या नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी. हेल्मर मूळचे बर्लिनचे, गणित आणि तर्कशास्त्राचे अभ्यासक, नाझी सत्तेवर आल्यानंतर देश सोडलेले. 1951 मध्ये या दोघांपुढे आलेला प्रश्न अंगावर काटा आणणारा होता. सोव्हिएत रशियाने अमेरिकेच्या कारखान्यांवर हल्ला केला, तर तिथलं शस्त्रउत्पादन ठरावीक पातळीपर्यंत खाली आणायला किती अणुबॉम्ब लागतील? याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तज्ज्ञांना विचारणं एवढंच हाती होतं.

त्यांनी सात तज्ज्ञ निवडले. त्यांत चार अर्थतज्ज्ञ होते. पण या सातांना एका टेबलाभोवती बसवायचंच नाही, असं ठरलं. बैठकीत काय होतं ते आपण ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत रोज पाहतो. वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस आधी बोलतो, बाकीचे मान डोलावतात आणि ज्याच्याकडे खरी माहिती असते तो गप्प बसतो. म्हणून दर आठवड्याच्या सुमाराला एक, अशा पाच प्रश्नावल्या प्रत्येकाकडे स्वतंत्रपणे गेल्या. आकडा तर विचारलाच, शिवाय तो कशाच्या आधारावर काढला आणि आणखी कोणती माहिती मिळाली तर तो बदलेल, हेही विचारलं. एकाने काढलेला मुद्दा नाव न सांगता दुसऱ्यांपर्यंत पोचवला आणि मग पुन्हा आकडा मागितला.

सुरुवातीला सर्वांत कमी उत्तर होतं 50 बॉम्ब आणि सर्वांत जास्त 5000. शेवटी हे अंतर 167 ते 360 इतकं आवळलं. ‘डेल्फाय’ नावाने जगभर पसरली ती हीच पद्धत. आपल्याकडे ‘टायफॅक’ या तंत्रज्ञानाचा वेध घेणाऱ्या सरकारी संस्थेने डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली 1996 मध्ये ‘टेक्नॉलॉजी व्हिजन 2020’ मांडलं, त्यासाठीही तिचा आधार घेतला गेला.

मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती हुद्द्याचं वजन काढून घेते आणि कारणं मागते. पण आकडे जवळ आले म्हणजे ते खरे ठरले असं होत नाही. तज्ज्ञांना कोणती माहिती पुरवायची हे प्रयोग करणारेच ठरवत होते, त्यामुळे उत्तरांना काहीशी दिशा मिळाली, ही कबुली डाल्की आणि हेल्मर यांनी स्वतः 1963 च्या लेखात दिली. पुढे 1974 मध्ये रँडमधल्याच हॅरोल्ड सॅकमन यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली.

पावसाच्या बाबतीत एकमताने दिशाभूल होण्याचा धोका जास्त असतो, कारण हंगामी अंदाजाच्या या परिषदांची परंपरा समोरासमोर बसून ठरवण्याची. त्यांची सुरुवात नव्वदच्या दशकात आफ्रिकेत झाली. तिथल्या पहिल्या दशकभराच्या अंदाजांची सायमन मेसन आणि सहकाऱ्यांनी पडताळणी केली, तेव्हा तज्ज्ञांनी कमी, सरासरीइतका आणि जास्त या तीन रकान्यांपैकी मधल्या रकान्याला गरजेपेक्षा जास्त टक्के दिलेले आढळले. मधला रकाना सुरक्षित असतो. चुकला तरी फार चुकला असं कुणी म्हणत नाही. दुष्काळाची चाहूल एखाद्याला लागलीही असेल, पण ती चर्चेत बोथट होऊन निवेदनात उतरते. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेने 2020 च्या मार्गदर्शिकेत मॉडेलांवर आधारलेल्या, पुन्हा तपासता येईल अशा पद्धतीचा आग्रह धरला.

त्याने मोठा फरक पडेल. तरीही मॉडेलं कोणती घ्यायची आणि निवेदनात काय लिहायचं, हा निर्णय माणसांचाच राहतो. सोयाबीनचं बियाणं घ्यायला कर्ज काढणाऱ्याला नुसता निष्कर्ष पुरत नाही. कोणत्या मॉडेलांनी वेगळं सांगितलं आणि तज्ज्ञांमध्ये फूट कुठे होती, हेही त्याच्या हाती पडायला हवं. सहमतीच्या निवेदनाला असहमतीचं एक पान जोडायला काहीच अडचण नसावी.

तोवर अंदाजाचा नकाशा बघताना रंगाबरोबर टक्केही वाचा. त्यावर हेच तीन रकाने असतात आणि काहीच माहीत नसलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला 33 टक्के येतातच. तुमच्या भागावर ‘जास्त पाऊस, 45 टक्के’ असं असेल, तर जास्त पाऊस न होण्याची शक्यता 55 टक्के आहे.