वाय-फाय रुसलंय? फॉरमॅट मारू नका!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नांदगाव खंडेश्वरच्या घरचा आमचा लॅपटॉप 'म्हातारा' ठरला. धाकट्या भावाचा सगळा अभ्यास त्यावरच, आणि नव्याचं बजेट नाही! मी लिनक्स टाकलं. सगळं झकास, पण बाप्पा, वाय-फायच गायब!

अशा वेळी टर्मिनल उघडा. इंग्रजी अक्षरांत 'एलएसपीसीआय', जागा सोडून 'डॅश के' टाइप करा. वाय-फाय कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर कार्ड ठणठणीत असूनही ड्रायव्हर लागलेला नसतो. काही चिप्सना तो वेगळा टाकावा लागतो. नेटशिवाय आणायचा कसा? मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग ऑन करा, ड्रायव्हर उतरवा. झालं काम!

नव्याने लिनक्स टाकताय? आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासा. हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही!