वर्षासन घेताना सल्ल्याची फी द्यावी काय?

खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेली अनेक वर्षे रक्तदाबासाठी माझ्याकडे येतात. राहणारे कर्जतजवळच्या एका गावातले. कर्जत-खोपोली लोकलने ये-जा करीत त्यांनी तीस वर्षे पाळ्या केल्या आणि औषधाची पाळीही कधी चुकवली नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांचा रक्तदाब 178/104 भरला. "गोळी रोज घेता ना?" मी विचारले. "घेतो की," ते म्हणाले. सोबत आलेल्या काकूंनी खाली मान घालून सांगितले, "अर्धी घेतात, डॉक्टर. महिन्याची गोळी दोन महिने पुरवतात."

कारण विचारता विचारता पिशवीतून विम्याचे कागद निघाले. निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून त्यांच्या हाती 24 लाख रुपये आले होते. कर्मचारी पेन्शन योजनेचे दरमहा जेमतेम 2,300 रुपये मिळत. आणखी काही दरमहा मिळावे म्हणून एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी 'पेन्शन योजना' घेतली. पैसे एकदाच भरायचे आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात सही झाली होती ती दरवर्षी 2 लाख, असे दहा वर्षे हप्ते भरण्याच्या करारावर. दोन हप्ते गेले होते, तिसरा तोंडावर होता. काटकसर औषधापासून सुरू झाली होती.

वाचकहो, डॉक्टरने पैशांविषयी का लिहावे, याचे उत्तर या अर्ध्या गोळीत आहे. उतारवयात पैशांची चिंता आणि प्रकृती या वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. म्हणून आज एका प्रश्नाचा विचार करू. निवृत्तीच्या पुंजीतून वर्षासन, म्हणजेच ॲन्युइटी, घ्यायचे असेल तर सल्लागाराला पैसे मोजणे योग्य आहे काय?

वर्षासन म्हणजे काय?

शब्द आपलाच आहे. पेशवाईत देवस्थानांना आणि विद्वानांना दरसाल ठरलेली रक्कम मिळे, तिला वर्षासन म्हणत. आज आपण विमा कंपनीला एकरकमी पैसे देतो आणि कंपनी आपल्याला हयातभर ठरलेली रक्कम देत राहते. माणूस जितका अधिक जगेल, तितका त्याचा लाभ अधिक.

याचे मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1818 साली दुसऱ्या बाजीरावांनी शरणागती पत्करली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना सालीना 8 लाख रुपये देण्याचे कबूल केले. बाजीराव ब्रह्मावर्त येथे 1851 पर्यंत जगले, म्हणजे देणाऱ्याला ते सुमारे 33 वर्षे द्यावे लागले. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र दत्तकपुत्र नानासाहेबांना ही रक्कम नाकारण्यात आली. या एका प्रकरणात वर्षासनाचे दोन्ही धडे आहेत. दीर्घायुष्याची सोय ते उत्तम करते. पण आपल्यामागे राहणाऱ्याचे नाव करारात नसेल, तर आपल्याबरोबरच ते थांबते.

दिसणारी फी आणि न दिसणारी फी

आता फीचा प्रश्न. आमच्याच व्यवसायातले उदाहरण देतो. आपल्या भागात पुष्कळ दवाखान्यांत तपासणीचे आणि औषधाचे पैसे एकत्रच घेतले जातात. रुग्णाला वाटते, डॉक्टरांनी फी घेतलीच नाही, औषधाचे तेवढे पैसे घेतले. मीही बरीच वर्षे असेच केले. या रीतीत एखादी गोळी, एखादे इंजेक्शन जास्त देण्याचा मोह होतो, हे मान्य करायला हवे. तपासणीची फी वेगळी घेऊ लागलो, तेव्हापासून 'तुम्हाला औषधाची गरज नाही' हे वाक्य उच्चारणे मला सोपे झाले.

विमाविक्रीतही हेच आहे. एजंट किंवा बँकेतील विक्रेता आपल्याकडून फी घेत नाही. त्याला कंपनी कमिशन देते. एकरकमी भरून लगेच सुरू होणाऱ्या वर्षासनावर हे कमिशन थोडे, साधारण 2 टक्क्यांच्या आसपास असते. दीर्घ मुदतीच्या, दरवर्षी हप्ते भरण्याच्या विम्यावर मात्र पहिल्या वर्षी त्याच्या कितीतरी पट अधिक मिळू शकते. मागणी पेन्शनची आणि विक्री हप्त्यांच्या विम्याची, असे का घडते, ते यातून उमगावे. सगळेच एजंट असे वागतात, असे नव्हे. वारसाची कागदपत्रे करण्यासाठी रात्री घरी येणारे प्रामाणिक एजंट मी पाहिले आहेत. पण 'फुकट' सल्ल्याची किंमत कुठून वसूल होते, हे आपल्याला ठाऊक असावे. आणि एजंटला कंपनी मोबदला देतच असल्याने त्याने आपल्याकडून वेगळे पैसे मागण्याचे कारण नाही. उलट, 'माझ्या कमिशनमधले थोडे तुम्हाला देतो' असे त्याने म्हणणेही विमा कायदा 1938 च्या 41 व्या कलमानुसार निषिद्ध आहे.

दुसरा प्रकार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा. सेबीच्या 2013 च्या नियमावलीखाली त्याची नोंदणी होते. तो फी आपल्याकडून घेतो आणि ज्याला सल्ला देतो, त्यालाच माल विकून कमिशन घेऊ शकत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. असे सल्लागार प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात, परंतु व्हिडिओ कॉलवरही ते सल्ला देतात. त्या वेळी मुलगा, मुलगी किंवा सून शेजारी बसलेली असावी.

फी कशासाठी द्यावी?

वर्षासनाचा अर्ज भरणे हे तासाभराचे काम आहे. कंपनीच्या शाखेत किंवा संकेतस्थळावर ते थेट करता येते आणि थेट घेतल्यास काही योजनांत वर्षासन किंचित अधिकही मिळते. एनपीएसमधून बाहेर पडणाऱ्यांना निरनिराळ्या कंपन्यांची वर्षासने एकत्र ताडून पाहण्याची सोय संकेतस्थळावर आहे. एवढ्यासाठी फी देऊ नये. फी द्यावी ती विचारासाठी: घ्यावे की नाही, किती पैशांचे, कोणत्या प्रकारचे आणि केव्हा.

हा विचार सोपा नाही. आयुर्विमा महामंडळाच्या 'जीवन अक्षय 7' या एकाच योजनेत दहा पर्याय आहेत आणि एकदा निवडलेला पर्याय पुढे बदलता येत नाही. मूळ रक्कम परत न मिळणाऱ्या पर्यायात साठीच्या माणसाला दहा लाखांवर वर्षाला ढोबळमानाने 80 हजारांच्या आसपास मिळतात. मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसांना देणाऱ्या पर्यायात 65 हजारांच्या आसपास. मुलांसाठी दहा लाख ठेवण्याची किंमत आपण स्वतः दरवर्षी मोजत असतो. ती मोजावी की नाही, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

इथे डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली पत्नीविषयी. सामान्यतः स्त्रिया अधिक जगतात आणि वयाने पतीपेक्षा लहानही असतात. तेव्हा काकूंना दहा-पंधरा वर्षे एकटीने काढावी लागतील, असे धरूनच चालावे. पतीपश्चात पत्नीला पूर्ण रक्कम चालू राहील, असाच संयुक्त पर्याय बहुतेक जोडप्यांना हिताचा. दुसरी प्रकृतीविषयी. ब्रिटनमध्ये गंभीर आजार असलेल्याला अधिक दराने वर्षासन देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे दर सहसा वयावर ठरतो, प्रकृती विचारली जात नाही. म्हणून ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड बरेच दुबळे झाले आहे, त्यांनी मूळ रक्कम बुडणारा पर्याय घेण्याआधी आपल्या डॉक्टरशी मोकळेपणाने बोलावे.

आणखी एक सावधगिरी. ठरलेले वर्षासन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई 6 टक्के धरली, तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. शिवाय खुब्याचे हाड मोडले किंवा अर्धांगवायूचा झटका आला, तर एकरकमी पैसे लागतात. सत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, ते कार्ड जरूर काढावे. पण घरी ठेवलेल्या मदतनीस बाईचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून सगळी पुंजी वर्षासनात कधीही घालू नये.

मग निर्णय कसा करावा?

ज्यांची पुंजी पंचवीस-तीस लाखांपर्यंत आहे आणि घरची स्थिती सरळ आहे, त्यांना फीची फारशी गरज नाही. टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. मुदत पाच वर्षे, पुढे वाढवता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. वर्षासनाचा विचार काही वर्षांनी करावा. वय वाढते तसा त्याचा दरही चांगला मिळतो. मात्र टपालातला दर पुढच्या खेपेला कमी होऊ शकतो, वर्षासनाचा होत नाही, हा फरक ध्यानात असू द्यावा.

ज्यांच्या घरी दिव्यांग अपत्य आहे, ज्यांना मूलबाळ नाही, जमीन विकून किंवा संपादनाच्या मोबदल्यातून ज्यांच्याकडे मोठी रक्कम आली आहे, किंवा एनपीएस आणि कंपनीच्या निधीतून ज्यांना काही रकमेचे वर्षासन घ्यावेच लागते, त्यांनी एकदा ठरावीक फी देऊन सल्ला घ्यावा. फी टक्क्यांत नव्हे, रुपयांत विचारावी. आठ लाखांच्या वर्षासनासाठी 20 हजार फी म्हणजे अडीच टक्के झाले; चाळीस लाखांच्या पुंजीची सारी घडी बसवण्यासाठी तेवढीच फी म्हणजे अर्धा टक्का. सल्लागाराला सरळ विचारावे: "या व्यवहारात तुम्हाला माझ्याखेरीज कोणाकडून काही मिळणार आहे का? माझ्यामागे हिला काय मिळेल? हे न घेता दुसरे काय करता येईल?" उत्तर कागदावर मागावे. टाळाटाळ झाली, तर उठावे.

आणि चूक झालीच, तर विमा करारपत्र हाती आल्यापासून 30 दिवसांत ते परत करता येते. मुदत उलटली असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे खर्च येत नाही.

वर्षासनाचा खरा उपयोग मला दवाखान्यात दिसतो. पंच्याहत्तरीनंतर हिशेब विसरणारे, फोनवरच्या भामट्याला बळी पडणारे रुग्ण मी पाहतो. बुद्धी शाबूत असताना केलेली व्यवस्था पुढे आपोआप चालू राहते; वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला की झाले. असा निर्णय कोणाच्या घाईखातर होऊ नये.

त्या गृहस्थांनी तिसरा हप्ता भरण्याआधी मुलीला बोलावून घेतले. करार परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती. कंपनीकडे तक्रार केली आहे. निकाल अजून लागलेला नाही आणि ते चार लाख कदाचित पुरते परत मिळणारही नाहीत. उरलेले 20 लाख टपालात आहेत, तिमाहीला 41 हजार व्याज येते. मागच्या आठवड्यात काकू एकट्याच औषध न्यायला आल्या होत्या. पूर्ण महिन्याचे औषध मागितले.