कुमिते

कुमिते : कराटे या युद्धकलेतील जोडीदारासमवेत करावयाचा सराव. किहोन (मूलभूत तंत्रे), काता (ठराविक क्रमाच्या हालचालींची मालिका) व कुमिते ही कराटेच्या शिक्षणाची तीन अंगे होत. एकट्याने केलेल्या सरावात प्रतिस्पर्धी कल्पिलेला असतो. त्यामुळे तंत्र व तोल सुधारला, तरी अंतराचा व वेळेचा अंदाज येत नाही. ही उणीव कुमितेने भरून निघते.

ओकिनावा बेटावर कराटेच्या शिक्षणात कातांवर विशेष भर होता. मोतोबु चोकी (१८७०–१९४४) यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जोडीच्या सरावाचे प्रकार दिले आहेत. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकिओत कराटेचे प्रात्यक्षिक केले व पुढे विद्यापीठांत त्याचा प्रसार झाला. तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष लढतीची ओढ होती. मुक्त लढत मात्र फुनाकोशींना मान्य नव्हती. या दोहोंमधील मार्ग म्हणून ‘याकुसोकु कुमिते’ म्हणजे पूर्वसंकेताने करावयाचा सराव रूढ झाला. जुजुत्सूचे जाणकार ओत्सुका हिरोनोरी (१८९२–१९८२) यांनी त्यात मोलाची भर घातली.

या सरावात अनिश्चितता टप्प्याटप्प्याने वाढविली जाते. ‘गोहोन कुमिते’मध्ये आक्रमक आपले लक्ष्य आधी जाहीर करून पाच पावले पुढे येत प्रत्येक पावलास ठोसा मारतो, बचाव करणारा तितकीच पावले मागे जात तो अडवितो व शेवटी प्रतिहल्ला करतो. ‘सानबोन’मध्ये तीन, तर ‘इप्पोन’मध्ये एकच हल्ला असतो. ‘जियू इप्पोन’मध्ये हल्ल्याचा प्रकार ठाऊक असतो, परंतु दोघेही मोकळ्या पवित्र्यात फिरत असल्याने त्याचा क्षण व अंतर आक्रमक निवडतो. ‘जियू कुमिते’ या मुक्त लढतीत काहीच ठरलेले नसते.

सरावाचे मूल्य आक्रमकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. जोडीदारास लागू नये म्हणून ठोसा बाजूस वा आखूड मारल्यास, बचाव केला नसतानाही तो यशस्वी झाल्याचा भास होतो आणि अशा खोट्या यशाची सवय खऱ्या प्रसंगी घातक ठरते. म्हणून ठोसा लक्ष्याच्या रोखानेच, योग्य अंतरावरून मारावा लागतो; जोडीदाराची पातळी पाहून त्याचा वेग मात्र कमी ठेवतात. बचाव करणाऱ्यानेही हल्ल्याच्या आधीच हालचाल करू नये, अन्यथा सराव केवळ पाठांतर होतो. प्रतिहल्ला लक्ष्यालगत रोखण्यास ‘सुंदोमे’ म्हणतात, तर त्यानंतरही टिकविलेली सावधता ही ‘झानशिन’ होय.

अखिल जपान कराटे स्पर्धा १९५७ मध्ये, तर पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये टोकिओत भरली. क्योकुशिन पंथाच्या पूर्ण आघाताच्या लढतींत ठोसे व लाथा प्रत्यक्ष लागू देतात, परंतु चेहऱ्यावर हाताने प्रहार करण्यास मनाई असते. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत मात्र आघातावरील संयम महत्त्वाचा मानतात. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) पुरुषांच्या ७५ किग्रॅ.वरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी गुणांत आघाडीवर होता; तथापि त्याच्या अनियंत्रित लाथेने इराणचा सज्जाद गंजझादेह बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीस बाद ठरविले व सुवर्णपदक गंजझादेहला मिळाले.