माणसावर लावलेला पैसा

संपादकांनी विषय दिला होता सामाजिक उद्योजकांना मिळणाऱ्या फेलोशिपचा. त्यांचे अहवाल दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत बसून वाचता येतात. पण त्या पैशाचं पुढे काय होतं ते पाहायचं असेल तर माणदेशात जावं, असं मनाने घेतलं. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की पुसेगाव आणि गोंदवले मागे पडतात आणि म्हसवड येतं. सिद्धनाथाचं गाव, मेंढरांचा मुलूख आणि पाऊस हमखास पाठ फिरवणारा माण तालुका. इथे १९९७ पासून माण देशी महिला सहकारी बँक चालते. ती उभी करणाऱ्या चेतना गाला सिन्हा मुंबईत वाढल्या, जयप्रकाशांच्या चळवळीत घडल्या आणि लग्न करून म्हसवडच्या शेतकरी घरात आल्या. नव्वदच्या दशकात, बँक उभी राहण्याच्या सुमारास, त्यांना ‘अशोका’ची फेलोशिप मिळाली होती.

‘अशोका’ ही संस्था बिल ड्रेटन या अमेरिकन गृहस्थाने १९८० साली काढली. नाव थेट सम्राट अशोकाचं. ड्रेटन तरुणपणी भारतात आले, विनोबांना भेटले, भूदानाच्या पदयात्रेत त्यांच्याबरोबर चालले. ‘दान’ मागत गावोगाव जाणारा तो माणूस त्यांनी जवळून पाहिला. पुढे सल्लागार कंपनीत नोकरी आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यात मोठं पद, हे सगळं झालं. पण डोक्यात घोळत होती ती एकच कल्पना. समाजाचा एखादा अडलेला प्रश्न नव्या रीतीने सोडवू पाहणारी माणसं शोधायची आणि त्यांना काही वर्षं पोटापाण्याच्या विवंचनेतून मोकळं करायचं. आज नव्वदहून अधिक देशांत साडेतीन हजारांच्या वर फेलो आहेत. संस्थेचा बाकीचा इतिहास तिच्या माहितीपत्रकात सविस्तर आहे.

मला खिळवून ठेवलं ते निवडीच्या पद्धतीने. आधी कुणीतरी नाव सुचवायचं. मग देशातल्या कार्यालयाची चौकशी, कामाच्या जागी भेट. त्यानंतरची मुलाखत बहुधा दुसऱ्या खंडातून आलेली व्यक्ती घेते; तिला इथल्या ओळखीपाळखीचं, जातीपातीचं, गटातटाचं काही सोयरसुतक नसतं. ती प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात फार वेळ घालवत नाही, आयुष्य विचारते. शाळेत असताना काय सुरू केलंत? ते बंद पडलं तेव्हा काय केलंत? हेच काम का, आणि दहा वर्षांनी ते कुठे असेल? पुढे एक मंडळ आणि शेवटी विश्वस्त. कसोट्या पाच: कल्पना नवी हवी, माणूस कल्पक हवा, उद्यमी हवा, कामाचा परिणाम दूरवर जाणारा हवा आणि माणूस सचोटीचा हवा.

ही सचोटी मोजायची कशी? ड्रेटन यांनी त्यासाठी एक विलक्षण युक्ती सांगितली आहे. डोळे मिटायचे, आपल्याला ज्याची खरोखर भीती वाटते अशा प्रसंगात आपण सापडलो आहोत असं मनात आणायचं आणि समोरचा उमेदवार त्या वेळी शेजारी आहे अशी कल्पना करायची. जिवाला धीर वाटतो का? वाटला नाही, तर बाकी सगळे गुण असूनही नाव पुढे न्यायचं नाही. हे शास्त्र नाही, हे उघड आहे. पण अनोळखी घरी सोयरीक जुळवताना आपली आजी नेमकं हेच करत असे, आणि तिचा अंदाज क्वचितच चुके.

निवड झाली की पैसे माणसाच्या घरखर्चासाठी मिळतात, साधारण तीन वर्षं. या साध्या तरतुदीत केवढं बळ आहे, ते पहिल्याच फेलोच्या कामावरून दिसतं. ग्लोरिया डिसोझा मुंबईच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. मुलांनी घोकंपट्टी सोडून झाडं, पक्षी, आपला परिसर डोळ्यांनी पाहत शिकावं, हा त्यांचा ध्यास. सहकाऱ्यांचा विरोध, वेळेची ओढाताण. ‘अशोका’ने त्यांना चार वर्षांत मिळून सुमारे १० हजार डॉलर दिले. त्यांना शाळेची नोकरी सोडता आली, १९८२ साली ‘परिसर आशा’ उभी राहिली आणि ही पद्धत महापालिकेच्या शाळांपर्यंत गेली. खुद्द ड्रेटन यांनासुद्धा हाच अनुभव आला. १९८४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि तेव्हा कुठे ते ‘अशोका’चं काम पूर्णवेळ करू लागले.

म्हसवडच्या बँकेची कथा सुरू होते रस्त्याकडेला राहणाऱ्या, लोहारकाम करणाऱ्या एका बाईपासून. पावसाळ्यात झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी लहान, की तिचं खातं उघडायला कुणी बँक तयार होईना. तेव्हा बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासद अंगठेबहाद्दर होत्या. बायका घरी जाऊन रडल्या नाहीत. त्या रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या दारात पुन्हा उभ्या राहिल्या. कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय ते काढतात का बघू, असं आव्हान त्यांनी दिलं. परवाना मिळाला.

रोजंदारी बुडवून बँकेत कोण येणार? म्हणून बँकच दारात जाऊ लागली. सहकारी बँका जिला पिग्मी म्हणतात, ती रोजची ठेव बायकांच्या हातून बाजारात, बांधावर गोळा होते. पासबुक घरात नको, नवऱ्याच्या हाती लागतं, असं बायका म्हणाल्या, तेव्हा कार्ड आलं. कार्डाला पिन द्यायचा ठरला तर त्यांनी तोही नाकारला. पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच अंगठा आता खात्याची किल्ली झाला. हे वळण मला आजवरच्या कुठल्याही बँकिंग सुधारणेपेक्षा मोठं वाटतं, कारण ते ठेवीदारांनी सांगून घडवून आणलं. २००७ पासून बायकांना धंद्याचे धडे देणारी बसही गावोगाव फिरू लागली.

पण काळजी वाटावी असंही बरंच आहे. फेलोशिपची निवड आयुष्याच्या गोष्टीवर होते, आणि गोष्ट सांगता येणं हे एक वेगळंच कौशल्य आहे. परदेशी मुलाखतकारासमोर, बहुधा इंग्रजीतून किंवा दुभाष्यामार्फत, ज्याला आपलं काम मांडता येतं तो पुढे जातो. बाजारात बांगड्या विकणारी, चार जणींना धंद्याला लावणारी बाई त्या खोलीपर्यंत पोचतच नाही. तिच्या नावावर बहुधा जमीन नसते, घर नसतं, म्हणजे तारण नसतं. दुष्काळ पडला की पहिल्यांदा तिचे दागिने गहाण पडतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांच्या चाऱ्यासाठी बायका मंगळसूत्र घेऊन याच बँकेत आल्या होत्या. छावणी उभारावी लागली, हजारो जनावरं तिथे जगवावी लागली.

पैशाची वाटही अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण तो पैसा प्रकल्पाला चिकटतो. इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, इतके फोटो, वर्षाअखेर अहवाल. माणसाचा घरखर्च त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. डिसोझाबाईंनी आज अर्ज केला असता, तर किती मुलांना किती पक्षी दाखवले याचा तिमाही तक्ता त्यांना भरावा लागला असता.

त्यातून ही मदत तीन वर्षांची. संस्था रुजायला पंधरा-वीस वर्षं लागतात. उभी करणारी व्यक्ती थकली की पुढे कोण, हा प्रश्न गावोगावच्या चांगल्या संस्थांपुढे आहे. फेलोशिप एकाच व्यक्तीला उजेडात आणते. तिच्यामागे राबणाऱ्या दुसऱ्या फळीला मात्र कुणी फेलो म्हणत नाही. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक अर्थ परिषदेच्या सहअध्यक्षांमध्ये चेतनाताई होत्या, याचा अभिमान वाटतो. रोजची ठेव घेऊन उन्हात फिरणाऱ्या मुलीची तीन वर्षं कोण विकत घेणार, हा प्रश्न त्या अभिमानाने सुटत नाही.

यावर उपाय परक्याने शोधावा असं नाही. महाराष्ट्रात पतसंस्था आहेत, साखर कारखाने आहेत, परदेशात महाराष्ट्र मंडळं आहेत, आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याची आपली परंपरा जुनी आहे. तीच रीत कर्त्या माणसांपर्यंत न्यावी. आपापल्या तालुक्यातली अशी एक बाई किंवा पुरुष हेरा, त्यांचा तीन वर्षांचा घरखर्च उचला, अर्ज मराठीतून घ्या आणि मुलाखत त्यांच्या गावात जाऊन घ्या.